शेवटची बारा पानं

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… हो हो, धनेश मेस्त्रींचाच नंबर, बरोबर लागलाय. मी त्यांची बहीण, मेघना… कोण? नूपुर? कुठली नूपुर?… अगं बाई, दादरची! पडवळ मास्तरांच्या रहस्यकथांच्या वाचकांचा मेळावा भरवतेस ती. ओळखलं, ओळखलं. गेल्या वर्षी दादाने तुझ्या हातातून माइक घेतला तो अर्धा तास सोडला नव्हता.

नाही, आवाजाला काही नाही झालं. जरा बसलाय.

तू बोल ना आधी… चाळिसावं पुस्तक, हो… यंदा मोठा कार्यक्रम… जुन्या वाचकांचे अभिप्राय स्टेजवर वाचणार, बरं… चार ओळी… अगं ऐक ना… हो, हो, कळलं, शनिवारपर्यंत… नूपुर, ऐक ना जरा. थांब. थांब की गं बाई!

दादा वारला. अठरा दिवस झाले आज.

हॅलो?… आहेस ना?… रडू नकोस गं. मी आत्ता कुठे थांबलेय, मला परत सुरू करू नकोस.

नाही, कळवलं नाही कुणाला. तुमची सगळ्यांची नावं याच फोनमध्ये, आणि हा उघडायचा कसा ते मला येत नाही. आलेला तेवढा घेता येतो. चार्जिंगला मात्र रोज लावते. कशाला ते विचारू नकोस.

हार्टचं. परळला ॲडमिट केलं होतं, बायपास करायची ठरली… नाही गं, डॉक्टरांनी सगळं केलं, कुणाला बोल लावू? ऑपरेशननंतर शुद्धीवरच आला नाही. एवढंच.

एक मिनिट हं… काय गं मंजुळा?… ठेव तिथे ओट्यावर. झाकण नीट लाव, मांजर फिरतंय… हो, जेवते म्हटलं ना!… हं, बोल नूपुर. शेजारची आली होती, बोंबलाचं कालवण घेऊन. मी जेवत नाही हे हिनेच चाळभर केलंय. आता प्रत्येक दारातून एकेक डबा येतोय.

काय म्हणालीस?

…

चाळिसावं? वाचलं होतं त्याने?

…

नाही, आहे मी. लाइन नाही गेली.

अर्धवट म्हणू की पूर्ण म्हणू? बारा पानं राहिली गं. फक्त बारा. तू वाचलंस ना ते 'पडवळ मास्तर आणि आठवा लाडू'?… हां, मग कळेल तुला. मास्तर सगळ्यांना हॉलमध्ये बोलावतात, छत्री टेकून उभे राहतात आणि म्हणतात, लाडवात विष घालणारा याच खोलीत आहे. तिथे खूण घातलेली आहे त्याची. दुधाच्या पिशवीचा तुकडा.

हसलीस? हस हस. तो असाच. चाळीस वर्षांत बुकमार्क विकत घेतला नाही मेल्याने.

आवडलं का म्हणजे? मला म्हणाला, 'मेघे, पूर्वी एका पानात दोनदा हसवायचा हा माणूस, आता सहा पानांत एकदा हसवतो. म्हातारा झाला गं आपला लेखक.' आणि वाचताना तर पोट धरून हसत होता, खाली रखमाकाकूंपर्यंत ऐकू जात होतं. तुझ्या अभिप्रायात साडेतीन तारे देणार होता पुस्तकाला. चार दिले तर लेखक डोक्यावर बसतो म्हणायचा.

मी? मी आधीच वाचून काढलं होतं. यंदा चिठ्ठी माझी निघाली होती ना.

अगं, चिठ्ठी म्हणजे… तुला माहीत नाही होय? आमच्या घरचा नियम तो. आई-बाबा आणि आम्ही चार भावंडं, दहा बाय बाराची खोली, आणि पुस्तक एकच. दिवाळीला यायचं. मग चिठ्ठ्या टाकायच्या, पहिला कोण, दुसरा कोण. आणि ज्याचं वाचून झालं त्याने तोंडाला कुलूप लावायचं. सगळ्यांचं होईपर्यंत शेवट सांगायचा नाही. जो फोडेल त्याने महिनाभर पाणी भरायचं. खालच्या नळावरून, तीन जिने! दादाने एकदा फोडला होता, सातव्या पुस्तकाला. बाबांनी भरायला लावलं पाणी, दहावीचं वर्ष होतं तरी.

आता कुठला नळ, घरात आलंय पाणी कधीच. नि माणसं तरी कुठे उरली? आम्ही दोघंच होतो. तरी चिठ्ठ्या टाकायचो. दोन चिठ्ठ्या, नूपुर. पन्नाशीला आलेली माणसं आम्ही.

हं… हं… तेच सांगतेय ना.

ऑपरेशनला न्यायच्या आधी पुस्तक आत नेऊ देत नव्हते. सगळं माझ्याकडे दिलं, चष्मा, घड्याळ, पुस्तक. ट्रॉलीवर झोपला होता तो, हिरवी टोपी घालून. माझा हात धरला आणि म्हणतो, 'मेघे, सांग ना गं, कुणी केलं?'

मी काय म्हटलं असेल?

…

अगं, मी हसले. बोट नाचवलं त्याच्यासमोर. म्हटलं, 'वा रे वा, आणि पाणी कोण भरणार? घरी ये आणि स्वतः वाच. बारा पानं तर उरलीत.' तोही हसला. म्हणाला, 'दुष्ट आहेस.' आणि नेलं त्याला.

तेच शेवटचं. दुष्ट आहेस.

…

नाही, नाही, नूपुर, तसं नको बोलूस. चेष्टेत म्हणाला ते मला कळत नाही का? पण एक नाव गं! एका माणसाचं नाव सांगायचं होतं. माझ्या जिभेला काय झालं होतं? दार लागेपर्यंत मी तिथेच उभी होते. ओरडून सांगितलं असतं तरी ऐकू गेलं असतं त्याला.

ओळखलं असेल म्हणतेस? छे! चुकीचं ओळखलं होतं, हेच तर दुखतंय. त्याचा संशय पोस्टमनवर. आदल्या रात्रीपासून घोकत होता, 'पोस्टमनच आहे, बघ तू, त्या पोस्टमनच्या थैलीत काहीतरी आहे.' तू वाचलंयस, तुला माहिती आहे, त्या पोस्टमनने काय केलंय? काही नाही. बिचारा पत्रं वाटतोय. आणि आमचा दादा एका निरपराध माणसावर आळ घेऊन गेला गं.

हसू येतंय ना? मलाही येतं. मग अर्ध्या हसण्यातच रडू फुटतं. मंजुळेला वाटतं माझं डोकं फिरलंय.

सांगितलं ना. सांगितलं की नंतर. घरी आणलं तेव्हा. सगळे म्हणाले, बहिणीने कानात देवाचं नाव घ्यावं. वाकले मी. आणि खुन्याचं नाव सांगितलं. का केलं, कसं केलं, विष कुठल्या डब्यातून आणलं, सगळं. पाच मिनिटं लागली. बायका म्हणत होत्या, किती मोठा मंत्र येतो हिला.

पण तो काही बोलला नाही गं. बरोबर आलं की 'म्हटलं नव्हतं?' म्हणायचा. चुकलं की 'छ्या, फसवलं लेखकाने' म्हणायचा. चाळीस वर्षांत असं गप्प कधी ऐकून नाही घेतलं त्याने.

…

हं.

…

अगं नाही, मला कार्यक्रमाला नको बोलवूस. येववणार नाही यंदा. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. पुस्तक आणणार की नाही तेही माहीत नाही. एकटीने चिठ्ठी कशी टाकायची, सांग.

अभिप्राय? दादाचा कसा देणार? पूर्ण वाचल्याशिवाय तो अभिप्राय देत नव्हता, आणि त्याच्या नावावर मी खोटं घालणार नाही. माझा हवा तर घे.

आत्ताच सांगते. कागद आहे ना जवळ? लिही.

'लेखकसाहेबांना नमस्कार. तुमची चाळीसही पुस्तकं आमच्या घरात वाचली. तुम्ही आम्हाला खूप हसवलंत…' लिहिलंस?… हो, खूपच लिही. 'आता एकच विनंती. यापुढे खुन्याचं नाव पहिल्या पानावर छापत जा. शेवटच्या पानापर्यंत सगळेच पोचत नाहीत.'

…

खाली माझं नाव घाल. मेघना मेस्त्री, घोडपदेव.

वाचून दाखव बरं एकदा… हं… हं… नाही, काही खोडू नकोस. विनोद म्हणून नाही लिहिलेलं. लोक हसले तर हसू देत, तू मात्र तसंच वाच.

ठेवते मी. कालवण निवतंय.