फोटोतली निळी खाडी

अगं, हल्ली घरापेक्षा घराच्या फोटोला जास्त मान आहे. आम्हाला कळव्याचा फ्लॅट विकून ठाकुर्लीला लेकीजवळ जायचं होतं, म्हणून दलालाने फोटोग्राफर पाठवला. त्याने गॅलरीत पाऊल ठेवलं आणि नाक दाबलं. तिथे माझा जवळा वाळत होता.

"काकी, हे हटवा. सी व्ह्यू दाखवायचाय."

"अरे, ती खाडी आहे."

"फोटोत समुद्र होईल!"

झालाही, चांगला निळाशार. मग लोक समुद्र बघायला यायचे आणि चिखल बघून परत जायचे. कोणी येणार असलं की जवळ्याची ताटं बाथरूममध्ये लपवायची, असा दलालाचा हुकूम होता.

परवा कळवा गावातल्या एक बाई आल्या. फोटो बघून हसल्या. "जन्म गेला इथे, एवढी निळी खाडी कधी दिसली नाय. आणि घर एवढं चकाचक! इथे मासे चालत नसतील. आम्हाला नको."

दलाल उत्साहाने म्हणाला, "अजिबात वास नाही, मॅडम!"

बाई चपला घालायला लागल्या. मी सरळ बाथरूमचं दार उघडलं. त्या वळल्या, आत गेल्या, चिमूटभर जवळा उचलून हुंगला.

"मस्त वाळलाय. कुठे वाळवता?"

"गॅलरीतच."

"सोसायटी काय बोलत नाय?"

"शेजारीण मागून नेते."

"मग घर आमचं समजा."

आणि जिना उतरताना दलाल मला काय म्हणाला असेल?

"बघितलंत काकी, फोटोने किती फरक पडतो!"