आमोसनं टमटम तीनदा वळवली

मंडळी, एक सांगा! बाप्तिस्मा झाला, प्रभुभोजन घेतलं, म्हणजे सैतानानं आपला नाद सोडला का? छे! उलट तो म्हणतो, "बरं झालं, आता हा रविवारी कुठं सापडतो ते पक्कं कळलं!"

हसू नका. ऐका!

चिंचखेडला आमोस आढाव नावाचा टमटमवाला होता. भला माणूस. भजनात ढोलकी अशी वाजवायचा, की म्हाताऱ्यांच्या माना आपोआप डोलायच्या! त्याच स्टँडवर दुसरी टमटम नथानेल पारध्याची. एक दिवस या नथानेलनं पाळकसाहेबांच्या कानाशी लागून सांगितलं, "आमोस पितो." झालं! ढोलकी बंद! आणि आमोसनं तर दारूच्या दुकानाची पायरीसुद्धा कधी चढली नव्हती.

रोज सकाळी आमोस गुडघे टेकायचा. "प्रभू, मी नथानेलला क्षमा केली." आणि स्टँडवर नथानेलची मिशी दिसली, की क्षमा खलास! तुमचं होतं का हो असं? ...माना खाली घातल्यात. म्हणजे होतं!

तर एका सकाळी आमोस तालुक्याला निघाला. मागं सारजाबाई बसलेली, मांडीवर अंड्यांची टोपली. वाटेत बघतो तर काय — नथानेलची टमटम बंद पडलेली! नथानेल घामाघूम. शेजारी त्याची हन्ना, बारावीतली पोर, डोळ्यांत पाणी. आज तिचा बोर्डाचा पेपर! नथानेलनं मदतीला हात वर केला, गाडी कुणाची ते बघितलं... आणि हात खाली घेतला.

आमोसनं दामटली टमटम! मनात म्हणाला, "देवानंच न्याय केला!" देवाचं नाव घेऊन, बरं का! सैतानाला आपली भाषा छान येते.

थोडं पुढं गेला. पण त्या पोरीचे डोळे काही नजरेसमोरून हलेनात. वळवली टमटम!

"अरे, अंडी!" सारजाबाई ओरडली.

माघारी जाता जाता आठवलं, 'आमोस पितो.' पुन्हा वळवली, तालुक्याकडं!

"आमोस, मेल्या, जायचंय कुठं आपल्याला?"

"तेच ठरंना, मावशी!"

"मग गाडी थांबव आन ठरव! माझी अंडी का फोडतोस?"

थांबला बिचारा. हँडलवर डोकं टेकलं. "प्रभू, मला त्याचा राग आहे. रोज क्षमा केली म्हणतो, ते खोटं. माझ्याच्यानं होत नाही. पण त्या पोरीला पोचवण्यापुरतं तरी बळ दे."

मंडळी, इतक्या दिवसांत ही पहिली खरी प्रार्थना!

तिसऱ्यांदा वळवली. नथानेलपाशी थांबला. "बस गं, हन्ना." नथानेलकडं बघितलंसुद्धा नाही. पण गाडी अशी पळवली, की पेपरची घंटा व्हायच्या आत पोर वर्गात! सारजाबाई म्हणाली, "चार फुटली. जाऊ दे, पोर पोचली."

आमोस शीळ घालत घरी आला. बायकोला म्हणाला, "जिंकलो! राग संपला!"

संपला? दुसऱ्या दिवशी स्टँडवर नथानेल पुटपुटला, "पेपर बरा गेला म्हणे." बस्स! ढोलकीबद्दल चकार शब्द नाही! पुन्हा क्षमा खलास! आमोसनं वर बघितलं. "प्रभू, आज परत?"

गेला टपरीवर. दोन चहा घेतले. एक नथानेलपुढं धरला. राग तसाच होता हो! पण धरला.

नथानेलनं चहा घेतला. खाली बघत म्हणाला, "आमोस, पाळकसाहेबांकडं येतोस माझ्याबरोबर? मी खोटं बोललो ते सांगायचंय. एकट्यानं जायला पाय उचलत नाही."

गेले दोघं. एकाच टमटममधून!

आणि पुढच्या सकाळी? आमोसनं पुन्हा गुडघे टेकले. काल आंघोळ केली म्हणून आज कुणी सोडतं का?

आता शेजारच्याकडं बघू नका, गोष्ट तुमची आहे! याच मांडवात दोघं असे बसलेत, की एक त्या खांबाशी, तर दुसरा मुद्दाम दाराशी. नावं मी घेणार नाही. भजन सुरू करायचंय, पण ज्याला उठून पलीकडं जायचंय, त्यानं आधी जावं. आम्ही थांबतो. पेटीवाले, जरा हळू — पावलं ऐकू येऊ द्या!