टेबलावर दोन रेवा

पुरवणी जबाब
दिनांक ११ फेब्रुवारी २०२५, वेळ दुपारी १२.४०

नाव रुख्मिणी नत्थूजी निमजे, वय ६३ वर्षे, धंदा घरी ब्लाऊज शिवणे, आजारपणामुळे मध्यंतरी बंद. राहणार तांडापेठ, नागपूर.

मी वर लिहिलेली बाई आज आपण होऊन ठाण्यात आले आहे. विचारल्यावरून समक्ष सांगते की, काल दिनांक १० रोजी दिलेल्या जबाबात मी एक गोष्ट लपवली होती. बाकी जबाब खरा आहे. लपवलेली गोष्ट आज सांगते, कारण तिच्यापायी पियुष भैय्याजी रंगारी, वय २७, राहणार कन्हान, हा मुलगा विनाकारण अडकून बसला आहे.

पियुष हा धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात व्यायाम करवून घेण्याचे काम करतो. ऑगस्ट २०२३ मध्ये माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात बावीस दिवस होते. हाताला रबराचा चेंडू दाबायला देत असत. तो मी दोनदा खिडकीतून बाहेर फेकला आणि दोन्ही वेळा पियुष खाली जाऊन घेऊन आला. तिसऱ्या वेळी त्याने चेंडू खिशात ठेवला आणि म्हणाला, "काकू, हे राहू द्या. पत्ते खेळता का?" मला वाटलं रमी असेल.

सुट्टी झाल्यानंतर तो दर रविवारी दुपारी आमच्या घरी खेळायला येतो. त्याबद्दल त्याने काही घेतलेले नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. माझा मुलगा अभिजीत रविवारी दुकानावर असतो आणि सून मेघा उमरेडला माहेरी जाते. म्हणून त्या वेळी घरात आम्ही दोघंच असतो.

रविवार दिनांक ९ रोजी पियुष ३ वाजून १० मिनिटांनी आला. बसने आला होता. मोबाईल घरीच चार्जिंगला राहिला, असं आल्याआल्या म्हणाला. ३.२५ ला डाव मांडला, ५.५० ला संपला. मध्ये एकदा तो चहा ठेवायला उठला, ते आमच्याच स्वयंपाकघरात. त्याच दिवशी साडेचारच्या सुमारास कन्हानला कोणाच्या तरी डोक्यात रॉड मारला गेला आणि जखमी इसमाने पियुषचं नाव सांगितलं. त्यांचं गाडी लावण्यावरून जुनं भांडण आहे असं समजलं. त्या इसमाने मुद्दाम नाव घेतलं की मारणाऱ्याचं तोंड बांधलेलं असल्याने त्याची चूक झाली, हे मला माहीत नाही. पियुष साडेचारला माझ्यासमोर बसला होता, एवढं माहीत आहे. त्याचा मोबाईल मात्र त्या वेळी कन्हानला होता आणि आमच्या गल्लीतला कॅमेरा दिवाळीपासून बंद आहे. म्हणजे साक्षीला मी आणि माझी वही, एवढंच उरतं.

वहीबद्दल. डॉक्टरांनी उजव्या हाताने रोज दोन पानं लिहायला सांगितली होती. काय लिहू म्हटलं तर ते म्हणाले, काहीही. पियुष म्हणाला डाव लिहा. तेव्हापासून प्रत्येक खेळीला मी भिंतीवरच्या घड्याळातली वेळ, दोघांच्या पुढ्यातले पत्ते आणि कोणी किती पत्ते उचलले ते लिहिते. काल जमा केलेली वही सहावी आहे. पहिली वही माझी मलाही वाचता येत नाही.

आता खेळाबद्दल. हवालदार अनंत साहेब म्हणाले की याची जबाबात गरज नाही. उपनिरीक्षक नूपुर मॅडम स्वतः हा खेळ खेळतात. त्या म्हणाल्या, लिहा. म्हणून सांगते.

खेळाचं नाव नवगड. प्रत्येकाकडे आपापले चाळीस पत्ते आणि नऊ गड असतात. समोरच्याचे पाच गड आधी घेईल तो जिंकला. पत्त्यांवर राजे, राक्षस, जादूगार असे असतात. माझ्याकडे रेवा आहे. रेवाचे पत्ते तीन, पण बाई एकच, आयुष्यातल्या वेगवेगळ्या वेळची. तिरंदाज रेवा तरुण, लांबून मारते. जखमी रेवाच्या हाताला फडकं बांधलेलं आहे, ती कोणाला मारू शकत नाही. राजमाता रेवा सगळ्यांत ताकदवान. नियम असा की एका खेळाडूच्या पुढ्यात एका वेळी एकच रेवा बसते. दुसरी उतरवली की पहिली बाद ढिगात टाकावी लागते.

नवीन माणूस राजमाता हातात आली की लगेच उतरवतो. मीही तेच करायची आणि हरायची, कारण समोरच्याचे सगळे दांडगे पत्ते तिच्यावर तुटून पडतात. पियुषने मला वेगळं शिकवलं. आधी जखमी बसवायची. ती मारत नाही, पण ती बसलेली असेपर्यंत दर खेळीला आपल्याला एक पत्ता जास्त उचलता येतो. समोरच्याला तिची भीती वाटत नाही, म्हणून तो तिच्या वाटेला जात नाही. गेलाच तर हातातली तिरंदाज टाकून तिला वाचवायचं, म्हणजे तरुणपणीची रेवा आपल्याच जखमी रेवासाठी खर्ची पडते. आणि समोरच्याचे दांडगे पत्ते संपले की मग राजमाता. राजमाता आली की जखमी गेली आणि जास्तीचा पत्ताही बंद. सगळा डाव यावरच असतो, की जखमीला उचलायचं केव्हा. मी नेहमी लवकर उचलायची. पियुष म्हणायचा, "काकू, घाई काहून करून राहिल्या? तिचं काम झालं नाही अजून." हे तो पत्त्याबद्दल बोलत असे.

मी स्वभावाने तापट आणि हावरी आहे. शिवणकामातही मी गिऱ्हाइकाचं कापड उरलं तर परत देताना कुरकुर करत असे. हे सांगायचं कारण पुढे येतं.

काल माझा जबाब झाल्यावर नूपुर मॅडमनी पियुषला वेगळ्या खोलीत विचारलं की साडेचारला टेबलावर काय काय होतं. त्याने स्वतःचे पत्ते सांगितले, ते वहीशी तंतोतंत जुळले. माझ्या पुढ्यात राजमाता रेवा होती, एवढंच तो म्हणाला. वहीत मात्र ४.२० पासून शेवटपर्यंत राजमाता आणि जखमी दोन्ही लिहिलेल्या आहेत. आज सकाळी नऊ वाजता मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, "काकू, टेबलावर दोन रेवा बसत नाहीत. खेळ येणाऱ्या बाईने असं लिहिलं नसतं. वही मागाहून लिहिली असा अर्थ निघतो." मी म्हटलं, विचार करून सांगते.

नऊपासून साडेदहापर्यंत विचार केला. हात वाकडा आहे, लिहिताना चुकलं, असं म्हटलं असतं तर माझी दया येऊन कोणीही मान डोलावली असती. पण वहीत एक चूक आहे म्हटलं की सगळी वही चुकीची ठरते. पियुषची नोकरी दोन महिन्यांपूर्वी पक्की झाली आहे. गुन्ह्यात नाव लागलं तर दवाखाना त्याला ठेवणार नाही, असं त्याचे वडील काल या ठाण्याच्या पायरीवर बसून मला सांगत होते. म्हणून ऑटो केला आणि आले.

तरी सांगते की, वहीत चूक नाही. टेबलावर खरोखर दोन रेवा होत्या. मी लबाडी केली. ४.२० ला राजमाता उतरवली तेव्हा जखमी मी ढिगात टाकली नाही. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याची बाटली असते, तिच्याखाली अर्धी सरकवून ठेवली आणि दर खेळीला जास्तीचा पत्ता उचलत राहिले. ५.५० पर्यंत अकरा पत्ते जास्त उचलले. हे त्याच दिवशी केलं असं नाही. वर्षभर करत आले आहे. खेळात लबाडी केली, पण वहीत केली नाही. वहीत जे समोर आहे तेच लिहायचं, असं मी ठरवलं होतं.

अनंत साहेबांनी विचारलं की लबाडी का केली. जिंकायला, असं मी उत्तर दिलं. ते लिहून झाल्यावर सांगते की दुसरंही कारण आहे. एवढा वेळ बसून राहिलेल्या बाईला काम झाल्याबरोबर ढिगात टाकणं मला जमलं नाही. कारण कोणतं खरं ते ठरवता येत नाही, म्हणून दोन्ही लिहावीत.

हे ऐकून नूपुर मॅडम पियुष बसला होता त्या खोलीत गेल्या. माझ्या जबाबाबद्दल त्याला काही सांगितलेलं नव्हतं. दार उघडं असल्याने मला ऐकू आलं. मॅडमनी विचारलं, "काकूंनी काही नियम मोडला होता का?" तो म्हणाला, "नाही मॅडम. काकूंचा डाव बरोबर होता." मॅडमनी पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच. खरं सांगितलं तर त्याची सुटका होत होती, तरी त्याने सांगितलं नाही. मला त्याचा फार राग आला आणि डोळ्यांना पाणीही आलं. मग मॅडम म्हणाल्या, "बाटलीखाली काय होतं?"

तो म्हणाला, "जखमी रेवा." कोणता कोपरा विचारल्यावर डावा म्हणाला. केव्हापासून विचारल्यावर म्हणाला, मी चहा ठेवून आलो तेव्हा चार वीस झाले होते, तेव्हापासून. वहीत चहा ४.१२ ते ४.२० असा लिहिला आहे. मॅडमनी वही, माझं सांगणं आणि त्याचं सांगणं शेजारी ठेवून पाहिलं आणि ताडून झाल्यावर त्याच्या वडिलांना आत बोलावून सांगितलं की घरी घेऊन जा.

जाण्याआधी त्याला माझ्यासमोर बसवावं, अशी मी विनंती केली. ती मान्य झाली. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी विचारलं, "केव्हापासून माहीत होतं गा तुले?"

तो म्हणाला, "पहिल्या दिवसापासून, काकू."

"मंग बोलला काहून नाही?"

तो म्हणाला, "जखमी बसून राहिली की तुम्ही दरवेळी एक पत्ता जास्त उचलता. उजव्या हातानं. मी म्हटलं असतं, काकू, अजून अकरा वेळा हात उचला, तर तुम्ही मले तिसऱ्या वेळीच घराबाहेर काढलं असतं. पत्ता मात्र चोरून चोरून उचलत होत्या. मी मोजत होतो."

अनंत साहेबांनी इथे लिहिणं थांबवलं होतं. मी त्यांना सांगितलं की हेही लिहा.

या मुलाचे माझ्यावर उपकार आहेत. हे मी आजपर्यंत कोणापाशी बोलले नाही, त्याच्यापाशीही नाही, कारण दर रविवारी मी त्याला फसवते आहे या खुशीतच मी होते. अनंत साहेब म्हणाले की उपकार जबाबात बसत नाहीत. बसवा, असं मी म्हटलं. त्याने वर्षभर मला समजून उमजून जिंकू दिलं, याबद्दल माझी त्याच्याविरुद्ध तक्रारही आहे. ती कोणत्या कलमात घ्यावी असं विचारल्यावर, ती घेता येत नाही असं नूपुर मॅडमनी सांगितलं.

शेवटी मी पियुषला विचारलं, "म्हणजे मी जिंकले ते डाव? एकवीस लिहिले आहेत वहीत."

तो म्हणाला, "त्यातला एकही तुमचा नाही, काकू. एकही नाही जिंकल्या तुम्ही." आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाला, "पण मागच्या मंगळवारी मेघावहिनीच्या ब्लाऊजले हुक कोणं लावले?"

हुक मी लावले. सहा लावले, सुई माझ्या उजव्या हातात होती आणि दोरासुद्धा मीच ओवला. विचारल्यावरून हे खरं आहे असं सांगते.

नूपुर मॅडमनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला, जिथे मी थांबवलं तिथे पुन्हा वाचला. कालच्या जबाबात 'डाव नियमाप्रमाणे चालू होता' असं जे मी म्हटलं, तेवढं मागे घेते. बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलं आहे आणि हुकांसकट बरोबर आहे.

रुख्मिणी नत्थूजी निमजे