नानांची गोफण

आमच्या नानाकाकांना कुणी काही शिकवायची सोय नव्हती. त्यांच्या ओळखीचा एक गोरा साहेब विलायतेला जाताना त्यांना मासे धरायची काठी देऊन गेला. दोरीच्या गळावर पिसांची खोटी माशी, तिच्या पोटात शिसं. ताईला बघायला मुलाचे वडील आले, अमळनेरचे आबा, तर नाना त्यांनाच घेऊन पांझरा नदीवर मासे धरायला!

मी म्हटलं, "नाना, माशी जड आहे, मासा जवळ. काठी सावकाश झुलवून अलगद सोडा."

"माले शिकाडू नको! गोफण फिराईसन बठ्ठं वावर राखेल शे मी."

अन् डोक्याभोवती गरगर फिरवलीच. मागे उभ्या आबांच्या टोपीत गळ अडकला, टोपी थेट डोहात. मला वाटलं, गेली सोयरीक!

आबांनी टकलावरून हात फिरवला.

"पोर पसंत शे. पण लगनमा नानाना हातमा अक्षता देऊ नका!"