भट्टीची घंटा

(बाटल्यांचा कारखाना. भट्टीशेजारची देखरेखीची खोली. दुपार.)

इंजिनीअर : भट्टी चालू आहे, उष्णता बरोबर आहे, काच छान वितळतेय. मग बिघाडाची घंटा का वाजवलीत, काका?

भट्टीवाला : अगदीच गप्प होती हो, ताई. मला वाटलं, गेली.

इंजिनीअर : विजेची भट्टी गप्पच असते. मागच्या वेळी म्हणालात, वास येतोय. मी धापा टाकत येते, तर तुम्ही चहाचे दोन कप मांडून बसलेले.

भट्टीवाला : साखर कमी होती का?

इंजिनीअर : थट्टा नको. उद्या ऊर्जा खात्याची माणसं येतायत. कोळसा सोडून विजेवर आलेला आपला पहिलाच कारखाना. इथे जमलं तर बाकीच्यांना सरकार मदत देणार. आणि घंटा वाजली की बिघाडाची नोंद होते. ह्या भट्टीच्या नावावर एवढे बिघाड बघितले, की म्हणतील, कोळसाच बरा.

भट्टीवाला : कोळसा नको, ताई. माझ्या थोरल्या भावाची छाती त्यानंच खाल्ली.

इंजिनीअर : मग खरं सांगा. बिघाड कधी झाला होता?

भट्टीवाला : नव्हता झाला.

इंजिनीअर : एकदाही?

भट्टीवाला : एकदाही नाही. यंत्र गुणाचं आहे. पण कोळसा होता तेव्हा पाळीला आम्ही घोळकाभर असायचो. शिव्या द्यायचो, एकमेकांचे डबे पळवायचो. धूर गेला, त्याच्याबरोबर माणसंही गेली. आता मी आणि हा आकड्यांचा पडदा. संध्याकाळी सूनबाई विचारते, जेवायला वाढू का, तर घशातून आवाज फुटत नाही. घंटा वाजवली की तुम्ही येता.

इंजिनीअर : हे मी उद्या सांगितलं तर तुमची नोकरी जाईल.

भट्टीवाला : नाही सांगितलं तर भट्टी जाईल. सांगून टाका. तिच्यावर आळ नको.

इंजिनीअर : काका, अहो...

भट्टीवाला : एवढंच म्हणा त्यांना, दुसरीकडे अशा भट्ट्या बसवाल तेव्हा पाळीला दोन माणसं ठेवा.

इंजिनीअर : काम एकाचंच आहे. विचारतील, दुसरा कशाला?

भट्टीवाला : पहिल्याशी भांडायला.

इंजिनीअर : आणि तुमचं काय?

भट्टीवाला : माझी आजची पाळी संपायची आहे अजून. तेवढा वेळ बसता का?