भोंग्याचं डोकं

(मोहर्लीजवळचं एक गाव. वनसमितीच्या खोलीत सकाळी टेबलावर कॉम्प्युटर उघडा पडलेला. देवराव आणि त्याची भाची साक्षी.)

साक्षी : ओढू नका मामा! पंख्यासंगं प्रोसेसर उपटून येईन. पिना केसावानी असतात, एक वाकली का संपलं.

देवराव : भेतेस काऊन वं? जुनं डोकं काढाचं, नवं बसवाचं. माणसाचं असं जमलं असतं तं पहिले तुह्या बापाचंच बदललं असतं!

साक्षी : हसू नका. जंगलातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला का यानंच तिथचा भोंगा वाजवाचा; पण परवा वाघ निघून गेल्यावर वाजला, इतकं सुस्त झालतं हे डोकं. अन् आता तं कॅमेरेच बंद.

देवराव : म्हणून तं काल मी दवंडी देल्ली. उद्या भोंगा बंद, मोहाची फुलं वेचाले कोणी जाऊ नका.

साक्षी : मंग? लोकं काय म्हणले?

देवराव : हसले.

साक्षी : हसतीनच! वाघावानी पट्ट्याचं पांघरूण घेऊन कॅमेऱ्यापुढं रांगत कोण गेलतं? भोंगा वाजला, अन् बाया टोपल्या फेकून पळाल्या.

देवराव : तुही आई सगळ्यायच्या पुढं! चप्पल हातात, अन्...

साक्षी : येताना आई घरी होती ना?

देवराव : दिसली नाई. खुंटीवरचा मुखवटाही नव्हता.

साक्षी : वाघ मांगून येऊ नये म्हणून डोक्यामांगं बांधाचा? मोहाले जाताना?

देवराव : थोच वं.

साक्षी : फोन लावा.

देवराव : उचलून नाई राह्यली. मी जातो जंगलात.

साक्षी : कोणत्या मोहाखाली पाहान? कॅमेऱ्यातच दिसंल. इकडं बत्ती धरा. सरळ सॉकेटवर.

देवराव : धरली. कर लवकर.

साक्षी : जुनं निघालं. नव्याचा हा सोनेरी तिकोन, सॉकेटच्या तिकोनावर...

देवराव : दाब ना वं!

साक्षी : दाबाचं नसते! आपल्या वजनानं बसते. बसला. आता खटका. थंड ठेवाची पेस्ट... मुंगाच्या दाण्याएवढीच! पंखा. करा चालू.

देवराव : पडदा काळाच हाय. मोडला का?

साक्षी : थांबा.

देवराव : साक्षी, काळाच हाय वं...

साक्षी : थांबा म्हणलं ना! आले. कॅमेरे आले. थे पाहा आई, नाल्याजवळ. वाकून वेचून राह्यली.

देवराव : अन् मांगं? त्या झुडपात?

साक्षी : वाजला! भोंगा वाजला मामा!

देवराव : ऊठ बाई, ऊठ... हे काय करून राह्यली?

साक्षी : कॅमेऱ्याले अंगठा दाखवते. तिले वाटते, पांघरूण घेऊन तुम्हीच आले.

देवराव : मी इथी हावो! बाई!

साक्षी : असं नाई ऐकू जात. माईक घ्या, भोंग्यातून बोला.

देवराव : बाई, खरा हाय! माह्या गळ्याची आन, खरा वाघ हाय! ...हसते वं. माह्या आवाजालेच हसते. तू बोल. तूच बोल.

साक्षी : आई, मी साक्षी. मामा माह्यापाशी हायेत. रडून राह्यले.

देवराव : ...उठली.

साक्षी : पळू नको आई. टोपली राहू दे. हळू चाल, सडकेकडं.

देवराव : मुखवट्याकडं पाहून राह्यला थो. हालला नाई. चाल बाई, चाल... सडकेले लागली.

साक्षी : डोळे पुसा मामा. ती आता इथीच येईन.

देवराव : आली का तिले सांगजो, रडलो थे गंमत होती म्हणून.