अपीच्या औषधाला गावचे चमचे

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, चर्चचा लाकडी ढोल वाजायच्या आत, शेजारची वासिती काकू चमचा घेऊन आमच्या दारात उभी राहिली, तिथून हे सगळं सुरू झालं. चमचा तिचा, बाटली आमची, तुम्हाला सांगते. "केरेकेरे, अकानिसी, अपीचं ते लाल औषध थोडं दे गं, नातीला खोकला झालाय." आता माझ्या लेकाच्या, अपीच्या पोटरीवर हे एवढं गळू, नर्सबाईंनी बाटली संपेपर्यंत द्या म्हणून बजावलेलं, आणि गळवाचा नि खोकल्याचा संबंध काय? पण मी तोंड उघडेपर्यंत सासूबाईंनी बाटली पुढे केलीसुद्धा. का? तर मागितलं की द्यायचं. केरेकेरे म्हणजे हक्काचं मागणं, त्याला नाही म्हणणारा माणूस आपल्या बेटावर अजून जन्मायचाय.

मग काय, वास लागला गावभर. पाद्रीबुवांचा घसा आला, कुणाची दाढ आली, आणि होडीवर पाय चिरलेले एक मामा तर औषध जखमेवर ओतून वर म्हणतात, "जरा पातळच आहे गं." बाटलीचा तळ दिसला. गळूही सुकल्यासारखं दिसलं, म्हणून सासूबाई खूश. "बघ, त्यालाही पुरलं, गावालाही पुरलं."

पुरलं म्हणे. आठवड्याभरात अपीचा पाय सुजून नीरफणसाएवढा झाला, पोर तापाने फणफणलं, माझ्या मांडीवरून उतरेना. आणि तेवढ्यात राजधानीतून, सुवाहून आमची नणंद आली, लाइसानी.

ही घरातली शिकलेली. मी सातवीत शाळा सोडली, हिने सोडलीच नाही… इतकी शिकली की डॉक्टर झाली म्हणून गावाने डुक्कर कापलं. दुसऱ्या दिवशी कंबरदुखीवाले ओटीवर येऊन बसले, तर ही काय म्हणते, "मी माणसं तपासत नाही, जंतू आणि बुरशी तपासते." सासूबाईंना लोक अजून विचारतात, मुलगी बुरशीची डॉक्टर ना? इतकी वर्षं झाली, सुवाच्या त्या प्रयोगशाळेत बशांमध्ये जंतू पेरते, आणि गावी आली की तारोच्या, म्हणजे अळूच्या शेतातली माती माग, सडका नीरफणस माग, त्याच्या बुरशीत नवं औषध मिळेल म्हणते. आम्ही देतो. मागितलं की द्यायचं.

तर या बाईने अपीचा पाय बघितला आणि थट्टाच विसरली. काडीवर पू घेतला, बर्फात ठेवला, आणि आम्हाला उचलून पहिल्या बोटीत घातलं. सुवाच्या इस्पितळात पोराला सलाइन लावलं, पण ताप हटेना. डॉक्टर आपसात पायाबद्दल हळू बोलायला लागले. हळू का बोलतात माणसं? आईला काय कळत नाही?

आणि अशात लाइसानी प्रयोगशाळेतून धावत आली, फोनवर बशीचा फोटो. "वहिनी, बघ तरी कसे सुंदर वाढलेत. औषधांच्या टिकल्या ठेवल्यात भोवती, जवळजवळ एकीलाही दाद देत नाहीत."

मी म्हटलं, "वन्सं, ते माझ्या लेकराच्या पायातले आहेत."

तेव्हा कुठे तिचं तोंड उतरलं. शेजारी बसली आणि माझ्यापेक्षा जास्त चिडली. "अर्धवट मार खाल्लेला जंतू शहाणा होतो गं. अर्धी बाटली पोराला, अर्धी गावाला… तुम्ही त्याला शाळेत घातलंत. उभा जन्म मी हेच ओरडतेय. परदेशात बोलावतात, टाळ्या वाजवतात, आणि माझ्या आईच्याच घरी…" मग फोटोत बोट ठेवलं, एका टिकलीभोवती बशी स्वच्छ होती, तिथले जंतू मेले होते. एकीच्याच. तेच औषध शिरेतून दिलं, आणि माझ्या अपीला घाम फुटला, ताप उतरला, पाय राहिला. मी लाइसानीच्या खांद्यावर रडले, आणि ती मेली म्हणते, "वहिनी, थोडा पू अजून देशील का?" दिला. मागितलं की द्यायचं.

आता घरी आलो, पुढचं औषध बाटलीत घेऊन. पिशवी खाली ठेवते न ठेवते, तर दारात वासिती काकू. चमच्यासकट.

मी नाही म्हटलं.

जन्मात पहिल्यांदा कुणी तरी नाही म्हटलं. वासिती काकू चमच्याकडे बघत राहिली. सासूबाईंनी माझ्या हातचं जेवण सोडलं. "शहरात गेली आणि माणुसकी विसरली." माझ्या पोराचा पाय जात होता, ते कुणाच्या लक्षात नाही, चमचा रिकामा गेला ते लक्षात.

तेव्हा तुम्हाला हात जोडते, घरोघरी जाता तुम्ही, एवढं सांगा. अकानिसीकडे पातेलं मागा, मासे मागा, नवऱ्याचा सदरा मागा, पण औषध मागू नका, आणि स्वतःचं मिळालं तर संपवा. सासूबाईंच्या कानावर तुम्हीच घाला, मी बोलले की उद्धट ठरते. आणि जुन्या रिकाम्या बाटलीत मी लाल सरबत भरून ठेवलंय, तेवढं मात्र कुणाला सांगू नका… गावप्रमुखांच्या गुडघ्याला गुण येतोय.